घाटमाथ्यावरील आंबोली : पाणी, वाट आणि गावकी

बेळगावाहून सावंतवाडीकडे निघालेला प्रवासी आंबोलीस पोहोचतो तेव्हा आपण घाटाच्या तोंडाशी आलो आहोत हे त्याला डोळ्यांपेक्षा अंगावरील गारव्याने आधी कळते. पावसाळ्यात तर डोळ्यांचा उपयोग फारसा नसतोच. रस्ता, झाडे, दुकाने, माणसे सारेच धुक्यात विरघळून गेलेले असते. हॉटेलाच्या दारात भिजलेली मंडळी कांदाभजी आणि गरम चहा घेऊन उभी असतात आणि पुढल्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागलेली असते. सायंकाळ झाली की ही गर्दी कोल्हापूर, बेळगाव, गोवा अशी जिकडून आली तिकडे परत जाते. मागे उरते ते गाव. ह्या उरलेल्या गावाविषयी पाहुण्यांस विचारले तर बहुतेकांस काही सांगता येत नाही. आम्हांसही पुष्कळ वर्षे सांगता आले नसते. वकिलीच्या निमित्ताने एका कागदाशी गाठ पडली आणि तेथून आम्ही ह्या गावाकडे पाहू लागलो. त्या कागदाची हकीकत पुढे येईलच. परंतु कागदाआधी वाट येते आणि वाटेआधी पाणी येते. म्हणून आरंभ पाण्यापासून करणे बरे.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसली आहे. (मुंबईत अंधेरीजवळ असलेली आंबोली वेगळी, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकणपट्टी ओलांडून ह्या भिंतीवर आदळतात, वर चढताना थंडावतात आणि येथेच रिते होतात. वर्षाकाठी येथे सरासरी सुमारे ७,५०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने ३०० इंच पाऊस पडतो. महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या अगदी मोजक्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते ती ह्यामुळे. दोन तासांच्या अंतरावरील बेळगावात ह्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पाऊस पडत नाही.

ह्या पाण्याची वाटणी मोठी विलक्षण आहे. गावाच्या एका अंगास पडलेला थेंब कड्यावरून खाली उडी घेतो आणि तेरेखोलच्या खोऱ्यातून थोडक्या अंतरात अरबी समुद्रास मिळतो. गोव्याची उत्तर सीमा जिच्या मुखाशी आहे तीच ही तेरेखोल. दुसऱ्या अंगास पडलेला थेंब हिरण्यकेशी होऊन आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी गावे घेत घटप्रभेस मिळतो, घटप्रभेबरोबर कृष्णेस जातो आणि सारे दक्षिण पठार ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. एकाच गावच्या पावसाने दोन समुद्र भरावेत, ही आंबोलीची पहिली ओळख होय.

हिरण्यकेशीचा उगम गावापासून थोड्याच अंतरावर आहे. डोंगराच्या पोटातील गुहेतून पाणी बाहेर येते, त्याच्या मुखाशी देऊळ आहे आणि देवळासमोर कुंड. भाविक येथे हात जोडतात आणि कुंडातील मासे देवाचे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. ह्या श्रद्धेचा एक अनपेक्षित लाभ अलीकडे उघडकीस आला. ह्याच पाण्यातील एक बोटभर लांबीचा मासा शास्त्रास सर्वस्वी नवा असल्याचे २०२० साली जाहीर झाले आणि त्यास नदीवरूनच ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव मिळाले. पुढल्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये उगमाभोवतीची २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जे काम कायद्याने २०२१ साली हाती घेतले ते देवाच्या धाकाने गाव पूर्वीपासून करीत आले होते, हे येथे नमूद करावेसे वाटते. पुढील विवेचनास ह्या गोष्टीचा उपयोग होणार आहे.

आता वाटेकडे वळू. कोकणातील बंदरे आणि देशावरील पेठा ह्यांना जोडणारे घाट हे सह्याद्रीचे खरे दरवाजे. वेंगुर्ले हे ह्या भागातील थोर बंदर. सतराव्या शतकात डचांनी तेथे वखार घातली. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून ते इंग्रजांच्या हाती गेले. पेशवाईच्या अस्तानंतर बेळगावास इंग्रजांची लष्करी छावणी झाली आणि छावणीला लागणारे सामान वेंगुर्ल्यास उतरून घाट चढू लागले. त्या काळी वर्दळ होती ती आंबोलीच्या दक्षिणेस असलेल्या रामघाटाची. रामघाट उभ्या चढणीचा, बैलांचा आणि माणसांचा घाम काढणारा. चाकाच्या गाडीस सोयीची वाट हवी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीच्या बाजूने वळणावळणाचा नवा रस्ता चढवण्यात आला. तोच आजचा आंबोली घाट.

रस्ता आला आणि गावाचे दैव पालटले. सावंतवाडी संस्थानचा कारभार १८३८ पासून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होता. खाली वाडीच्या उकाड्याने त्रासलेल्या ह्या अंमलदारांस घाटमाथ्यावरील थंड हवा न मोहवती तरच नवल. कर्नल वेस्ट्रॉप ह्या पोलिटिकल अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या दशकात आंबोलीस थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले, असे सर्वत्र सांगितले जाते. बंगले उठले, विश्रामगृह झाले, उन्हाळ्यात साहेबांचा राबता सुरू झाला. परंतु महाबळेश्वरचे किंवा माथेरानचे भाग्य आंबोलीस लाभले नाही. १८८८ च्या सुमारास मुरगावहून लोहमार्ग ब्रागांझा घाट चढून देशावर पोहोचला आणि बेळगाव-धारवाडचा माल त्या वाटेने वळला. वेंगुर्ले ओस पडू लागले, घाटातील गाड्यांची घुंगरे विरळ झाली आणि आंबोली पुन्हा आपल्या धुक्यात जाऊन बसली. ह्या उपेक्षेस आम्ही दुर्दैव म्हणत नाही. आज तेथे जे रान शिल्लक आहे ते पुष्कळसे ह्या उपेक्षेचेच देणे आहे.

प्रेक्षणीय स्थळांची यादी देण्याचा हा लेख नव्हे. तरी दोन-चार जागा सांगितल्याविना पुढे जाणे अरसिकपणाचे होईल. महादेवगड हे नाव ऐकून तटबुरुजांची अपेक्षा धरणारा माणूस निराश होतो. गडपण नावापुरतेच उरले आहे. परंतु त्या टोकावर उभे राहून स्वच्छ दिवशी खाली कोकण पाहावे. डोंगरांच्या रांगा, त्यांतून सुटलेली सखल हिरवी भूमी आणि पार टोकाला समुद्राची पुसट रेघ. घाटाखाली दाणोलीस साटम महाराजांची समाधी आहे. वाडीकर आणि गोवेकर भाविकांचे ते श्रद्धास्थान. आजऱ्याच्या वाटेवर नांगरतास लागतो. येथे पाणी रुंद कड्यावरून पडत नाही, तर काळ्या खडकातील एका अरुंद आणि खोल चिरेत घोंगावत शिरते. नांगराचा फाळ दगडातून ओढला असता जसे तास उमटेल तशी ही चीर. नाव शेतकऱ्याने दिले आहे हे सांगावयास नको. शेजारच्या गेळे गावच्या हद्दीत कावळेसाद आहे. तेथे भर पावसात दरीतून उठणारा वारा इतका प्रबळ असतो की कड्यावरून सुटलेले पाणी खाली न जाता तुषार होऊन उलट माथ्यावर येते आणि पाहणाऱ्यास भिजवते.

ह्या सड्यांवरील आणखी एक रहिवासी पाहुण्यांच्या नजरेस सहसा पडत नाही. पिवळसर पट्ट्यांचा एक लहानसा भेक आहे. २००९ साली त्याची शास्त्रीय ओळख पटली. ‘झँथोफ्रिन टायग्रिना’ ह्या त्याच्या नावात ते वाघासारखे पट्टेच आले आहेत. आंबोलीच्या परिसराबाहेर तो आढळत नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिल्या पावसाने जी उथळ डबकी साचतात त्यांत त्याची वीण होते. नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांचे लोंढे घाटावर येतात. रात्रीच्या रस्त्यावर चाकाखाली किती जीव जातात ह्याचा हिशेब कोण ठेवणार? जगात अन्यत्र कोठेही नसलेला प्राणी आपल्या वर्षासहलीत आपल्याच हातून चिरडला जावा, ही गोष्ट सहलीचा आनंद घेणाऱ्याने एकदा तरी मनाशी आणावी.

आता त्या कागदाकडे येतो. काही वर्षांपूर्वी पावसाने अडकलो म्हणून आम्ही तेथील एका चहाच्या दुकानात बसलो होतो. आम्ही वकील आहोत हे कसे कोण जाणे कळले आणि एका वृद्ध गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला सात-बाराचा उतारा काढून समोर ठेवला. म्हणाले, “वकीलसाहेब, जमीन आमी कसतंव, पन कागदार नाव सरकाराचा. ह्या कसा झाला ता सांगा.” त्यांच्या आज्याने लावलेली झाडे त्या जमिनीत उभी होती. आम्ही कागद वाचला, आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांस त्यांना उत्तर देता आले नाही.

आंबोली, गेळे आणि चौकुळ ह्या तीन गावांच्या जमिनींची कुळकथा इतर कोकणाहून निराळी आहे. अन्यत्र खोत होता; खोत ही व्यक्ती किंवा घराणे. सरकार आणि रयत ह्यांच्यामध्ये तो उभा असे आणि १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने त्याचे प्रकरण मिटले. ह्या तीन गावांत मात्र मध्ये कोणी एक माणूस नव्हता, गाव होते. संस्थानकाळी गावकर मंडळी साऱ्या गावातर्फे कबुलायत लिहून देत, एकत्रित सारा भरत आणि जमिनीची वहिवाट आपसांत ठरवीत. म्हणून कागदोपत्री ह्या जमिनींच्या धारकाचे नाव ‘कबुलायतदार गावकर’ असे लागले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तरी ही नोंद चालत आली. १९९९ मध्ये ती कमी झाली आणि तिच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ आले. त्या दिवसापासून हे गाव आपल्याच जमिनीत पाहुणे झाले, अशी तेथील लोकांची भावना आहे.

कायद्याच्या दृष्टीने येथील गाठ कोणती हे पाहू. कबुलायत म्हणजे कबुली. वरिष्ठ सत्तेने अटी घातल्या, त्या मान्य करून घेणाऱ्याने लिहून दिलेला तो प्रतिलेख. शासनाच्या बाजूने म्हणता येईल की जो कबुली देतो तो मालक कसा? मालक तो, ज्याला कबुली दिली जाते. संस्थान गेले, त्याच्या जागी शासन आले, तेव्हा जमीन शासनाची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २० ह्या पक्षास बळ देते. ज्या जमिनीवर अन्य कोणाची कायदेशीर मालकी नाही ती राज्याची, असा त्याचा आशय आहे. गावकऱ्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की सारा भरण्याची कबुली ही मालकी सोडल्याची कबुली नव्हे. सारा तर प्रत्येक भूधारक भरतो. गाव जमीन वाटते, वारसा चालवते, बाहेरच्याला मज्जाव करते, हीच तर स्वामित्वाची लक्षणे. आणि संहितेचे कलम १५७ नोंदीस खरेपणाचे अनुमान देते ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही आणि नोंद पुसल्याने ती नष्टही होत नाही, हे तत्त्व आमच्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दोन्ही बाजू पाहता आमचा कल कोणीकडे आहे हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

नोंदवहीतील फेरफार ही किरकोळ गोष्ट आहे असे ज्यांस वाटते त्यांनी ह्याच मुलखाचा इतिहास पाहावा. १८४४ साली गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी उठाव केला. कारण काय? पिढ्यान् पिढ्या गडाच्या चाकरीबद्दल त्यांच्याकडे असलेल्या जमिनींचा कारभार गडावरून काढून मामलेदाराच्या कचेरीकडे नेण्यात आला. तो वणवा पाहता पाहता सावंतवाडीच्या मुलखात, मनोहरगडापर्यंत आला. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांच्या साथीदारांनी इंग्रजांस जेरीस आणले. आउट्रामसारख्या नामांकित सेनानीस ह्या रानात उतरावे लागले. १८४५ च्या आरंभी मनोहरगड पडला आणि बंडाचे पुढारी सीमा ओलांडून पोर्तुगिजांच्या गोव्यात आश्रयास गेले. एवढ्या रक्तपाताच्या मुळाशी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेलेले दप्तर होते. आंबोलीकरांनी आपला प्रश्न अर्ज, मोर्चे आणि उपोषणे ह्या मार्गांनी मांडला आहे. हा त्यांचा संयम आहे, दुर्बळपणा नव्हे.

गोव्याचे नाव निघाले ते बरे झाले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे गोव्याचे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंत-भोसल्यांच्याच अंमलाखाली होते. पेडणे तर १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. म्हणजे ‘गावकर’ हा शब्द उच्चारणारे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंस तेच, त्यांची भाषा तीच आणि गावकी चालवण्याची रीतही पुष्कळशी तीच. परंतु दोन्हीकडच्या गावकीचे नशीब किती भिन्न झाले! गोव्यात आफोंसो मेशिया ह्या अधिकाऱ्याने १५२६ साली गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढून फोराल जारी केला. परकीय सत्तेने तो लिहिला तो आपल्या वसुलीच्या सोयीसाठी, उपकारबुद्धीने नव्हे. तरी त्यामुळे गावकीला लेखी अस्तित्व मिळाले. पुढे कोमुनिदाद ह्या नावाने तिचे कायदे झाले, १९६१ साली त्यांची संहिता निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगीज राज्य गेले तरी ती संहिता राहिली. आज गोव्यातील गावकर आपला जोण मागू शकतो, कोमुनिदाद न्यायालयात दावा लावू शकते. घाटमाथ्यावरील गावकीस मात्र कबुलायतीच्या त्या एका शब्दापलीकडे कायद्याचे वस्त्र कधी मिळालेच नाही. आणि तो शब्द गेला तेव्हा ती उघडी पडली.

ह्यावरून गोव्याची गावकी निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्यात गावकरांचे पुरुष वंशज तेवढे हक्कदार. राबणारा कुणबी आणि मुंडकार बाहेर, घरची लेकही बाहेर. कोमुनिदादींच्या जमिनींवर अतिक्रमणे किती झाली हे गोवेकर वाचकांस आम्ही सांगण्याची गरज नाही. तेव्हा आंबोलीची जमीन परत द्यावयाची म्हणजे कोणास द्यावयाची, हा प्रश्न टाळता येत नाही. गावकर घराण्यांस, की गावात राहून कसणाऱ्या प्रत्येकास? आणि स्वतंत्र तुकडे पाडून द्यावयाची, की गावाच्या नावे?

वाटपासंबंधी शासनाचे निर्णय गेल्या काही वर्षांत निघाले आहेत, त्यांवर चर्चा आणि हरकती चालू राहिल्या आहेत. आमच्या मनात एक भीती आहे ती येथे स्पष्ट मांडतो. ज्या माणसाने पंचवीस वर्षे नावाविना काढली त्याच्या हाती स्वतःच्या नावाचा तुकडा आला, तर त्याचे समाधान न्याय्यच आहे. परंतु त्याच दिवशी त्याच्या दारात शहरातून आलेला गिऱ्हाईक उभा राहणार, हेही तितकेच निश्चित आहे. धुके, धबधबा आणि दरीचे दर्शन ह्यांचा भाव आज मोठा आहे. शासनाच्या नोंदीने जी जमीन गावापासून तोडली ती पैशाने कायमची तुटेल. मग सड्यावर भिंती उठतील, डबकी बुजतील, आणि दोन समुद्र भरणारे पाणी कोणाच्या तरी तरणतलावात अडेल.

म्हणून आमचे मत असे की राहते घर आणि कसती जमीन ज्याच्या त्याच्या नावे व्हावी. पण रान, सडे, झरे आणि गायराने गावाच्या नावे राहावीत, आणि त्या गावात बाईमाणसासह प्रत्येक राहत्या कुटुंबाची गणना व्हावी. हा विचार कायद्यास अपरिचित नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्था करण्याचा ग्रामसभेचा हक्क तत्त्वतः मान्य केलाच आहे. त्याच तत्त्वास अनुसरून ह्या तीन गावांसाठी स्वतंत्र तरतूद करणे अवघड नाही. देवाच्या कुंडातील मासा ज्यांनी कोणत्याही अधिसूचनेविना सांभाळला त्यांच्यावर रान सोपवण्यात धोका नाही. धोका आहे तो त्यांना उपरे ठरवण्यात. कारण उपऱ्याला राखण करण्याचे काय कारण?

त्या वृद्ध गृहस्थांस पुढे आम्ही पत्राने उत्तर लिहिले. त्यात वर मांडलेली कलमे होती आणि जुन्या सारापावत्या, पाहणीपत्रके, गावकीचे ठराव जे हाती लागेल ते जपून ठेवा, एकही कागद टाकू नका, अशी विनंती होती. त्यांचे उलट उत्तर चार ओळींचे आले. कागद जपतो आहोत, मात्र पावसाळ्यात येथे कागदांस बुरशी फार लागते, चुलीवरच्या माळ्यावर ठेवले आहेत, असे त्यांनी लिहिले होते.

तीनशे इंच पावसाच्या गावात धुराने राखलेले ते दप्तर वेळीच कोणाच्या तरी न्यायबुद्धीपुढे उलगडावे, एवढीच आमची इच्छा आहे. वाचकांपैकी जे पुढल्या पावसाळ्यात आंबोलीस जातील त्यांनी धबधबा अवश्य पाहावा, कावळेसादेस भिजावे, हिरण्यकेशीस हात जोडावे. रात्री गाडी मात्र हळू हाकावी. आणि चहाच्या दुकानात शेजारी बसलेल्या माणसास, हे गाव कोणाचे, असे एकदा विचारून पाहावे.